हालिनाचा नवरा

२ जुलै २०१६, शनिवार
आजपासून रोजनिशी. दिग्दर्शकाच्या कामाची नोंद मागे राहायला हवी आणि ती ठेवणारं दुसरं कोणी दिसत नाही. गणपतीत मंडळाची एकांकिका यंदा माझी. विषय: पोलंडची नटी हालिना झाविर्स्का. फिल्म फेस्टिव्हलमध्ये ऋताने तिचा सिनेमा पाहिला, घरी येऊन रडली, मग महिनाभर तिच्यावर मिळेल ते वाचत बसली. म्हणजे निमित्त बायको, कल्पना माझी.

हालिना युद्धाच्या काळात कॅफेत कप विसळायची आणि बंद खोल्यांमधून चोरून नाटकं करायची. मग क्राकोवचं थिएटर, एका दिग्दर्शकाशी लग्न. बारा वर्षं तो सांगेल तिथे उभी राहिली. चाळिशीत एका प्रयोगानंतर मेकअपही न उतरवता बॅग उचलली आणि वॉर्सॉची गाडी पकडली. पुढे म्हातारपणापर्यंत नाटकं, सिनेमे, बक्षिसं.

हालिना: ऋता. लग्नाआधी पुण्यात तिला अभिनयाचं रौप्यपदक होतं. सिंगापूरला आल्यापासून तिने तोंडाला रंग लावलेला नाही. संधी मीच देतोय.

१७ जुलै, रविवार
संहिता पूर्ण. नवऱ्याची भूमिका मीच करणार, पेलणारं दुसरं कोण आहे? ऋताने वाचली. म्हणाली, हे नाटक हालिनाचं आहे की नवऱ्याचं? तिची पुढची चाळीस वर्षं कुठेयत? मी शांतपणे समजावलं की नवऱ्याला सोडल्यावर नाट्य उरतंच काय. तिने संहिता मिटली. मग कुकर लावायला गेली. पटलं असावं.

६ ऑगस्ट, शनिवार
चिनी लोकांचा भुतांचा महिना सुरू झालाय, आपल्या पितृपक्षासारखा. ब्लॉकखाली चिनी शेजारी पिंपात कागद जाळतायत, धूर थेट आमच्या नवव्या मजल्यापर्यंत. संध्याकाळी बुकित पंजांग स्टेशनजवळ भुतांसाठी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता. पहिली रांग पूर्ण रिकामी. मी जाऊन बसलो. अवनी लांबूनच ओरडली, बाबा, कॅनॉट लाह, दॅट वन फॉर द घोस्ट्स! पोरगी पॉलिटेक्निकला जाते, तरी हे असलं. मी उठलो नाही. दिग्दर्शकाने पुढूनच बघावं. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

तेव्हापासून मानेला गार वारा लागतोय. एसी असणार. उघड्यावर होतो, पण असणार.

१४ ऑगस्ट, रविवार
हालिना गेल्यावर नवऱ्याचं स्वगत आहे. पाव तासाचं. नाटकाचा प्राण. लाइट्सवाला शैलेंद्र म्हणाला, निम्मं कर. अवनी म्हणाली, लोक जेवून परत येतील. शेवटी ऋताला विचारलं. ती ताडकन म्हणाली, एक ओळ कापू नकोस. इतकं कौतुक तिने लग्नातसुद्धा केलं नव्हतं. वर दोनदा विचारून घेतलं, पाव तास नक्की ना? घाई तर करणार नाहीस? भूमिकेत इतकी गुंतलेली नटी मी पाहिली नाही.

२१ ऑगस्ट, रविवार
ऋताचे पुण्याला तासतास फोन. तिच्या जुन्या ग्रुपमधली सुलेखा. मी खोलीत आलो की दोघी गप्प. मोदकांची उकड वगैरे असेल.

भिंतीवरचे ऋताचे फोटो नाहीसे झालेत. विचारलं. म्हणाली, हालिनाने आपले फोटो मागे ठेवले असते का? वा! याला मेथड अ‍ॅक्टिंग म्हणतात. उद्या वन-नॉर्थला ऑफिसला जाताना शैलेंद्रला समजावायला हवं.

२८ ऑगस्ट, रविवार
बॅगेत रद्दी भर म्हटलं होतं. ऋता म्हणाली, वजन खरं हवं, नाहीतर चालणं खोटं दिसतं. स्वतःचे कपडे भरले. मग म्हणाली, हालिनाकडे तिची कागदपत्रं असणार, माझा पासपोर्ट दे. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात असतात. मी स्वतः काढून दिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तिचं कपाट उघडलं तर आवाज घुमला. उगाच भीती वाटली. निश्चय: प्रयोग होईपर्यंत कपाट उघडायचं नाही.

१० सप्टेंबर, शनिवार, सकाळ
आज प्रयोग. ऋताने आमटीचे डबे भरून फ्रीजमध्ये रांगेने लावलेत. प्रयोगानंतर थकवा येणार, दूरदृष्टी आहे. निघताना अवनी आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना. म्हटलं, अगं, रंगमंचाची भीती सगळ्यांनाच असते. दोघींपैकी कोणीच हसलं नाही. टॅक्सीपर्यंत बॅग मीच उचलली. पाठीत लचक.

११ सप्टेंबर, रविवार
ऋताने कमाल केली. जाताना वळून बघायचं नाही अशी माझी सूचना होती. तिने बघितलं, थेट माझ्याकडे. मग बॅग उचलून विंगेत गेली. टाळ्या थांबेनात. मी स्वगत सुरू केलं. मध्येच विंगेतून शैलेंद्र हातवारे करू लागला. भारावलाय असं वाटून मी लय आणखी संथ केली.

शेवटच्या नमस्काराला मी एकटाच होतो. शैलेंद्र म्हणाला, वहिनी टॅक्सीने गेल्या, मेकअपसकट. कुठे, ते अवनीने रडत रडत सांगितलं. विमानतळावर. सुलेखाच्या नव्या नाटकात मुख्य भूमिका आहे, मंगळवारपासून तालमी. परत येणार नाही म्हणाली. तुला कधीपासून माहीत होतं, असं मी अवनीला विचारलं. बाबा, सगळ्यांनाच दिसत होतं, म्हणाली. आई म्हणे सांगून गेली, बाबाचं भाषण सुरू झालं की मी आरामात पोचेन.

सकाळी ऋताचा मेसेज आला. पोचले. आमटी आधी संपव, आंबेल.

भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघवत नाही. मला एकट्याला घरात भीती वाटतेय, आणि अवनी मैत्रिणीकडे गेलीय.

दुपारी स्वगत पुन्हा वाचून काढलं. खरंच लांब आहे.