शरयूमावशीचं रक्त

मदन महल, जबलपूर
१२ सप्टेंबर २०२४

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी दोन मिनिटांत ठेवून देते, म्हणून रागावली असशील. रागावू नको. वेदांग घरून गेला तेव्हापासून मी फोनवर लांब बोलत नाही. त्याने लावला आणि लागला नाही तर, असं वाटते. बोलताना दुसरा फोन आला तर कळते, हे शेजारच्या गीतांजलीने मला दाखवून दिलं. पटलं. तरी बोलवत नाही. म्हणून हे पत्र. हैदराबादेत टपाल वेळेवर पोचत असेल अशी आशा करते.

ऑगस्टच्या सुरुवातीला तो नेहमीसारखा नेपियर टाउनला, कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायला, म्हणून निघाला. स्कूटर तिलवारा घाटावर सापडली. किल्ली तिच्यातच, हेल्मेट हँडलला. नर्मदा त्या दिवशी फार चढली होती. एवढं तुला माहीत आहे. आता नवीन असं की खाली नरसिंगपूरकडे काठाला एक देह लागला होता. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणे. पोलिसांनी तो तिथेच पुरला, आणि एक हाड अन् एक दाढ काढून ठेवली. आपल्या ठाण्यातल्या दीपा मॅडम काल घरी आल्या. आईचं रक्त पाहिजे, डीएनए जुळवून पाहू, म्हणाल्या. तुझे काका असते तर त्यांचंही घेतलं असतं.

तुझ्या प्रयोगशाळेत हेच काम चालते ना? तुझ्या मावशीला संस्कृत येते, सायन्स येत नाही. सोपं करून सांग. आईच्या रक्तावरून काय कळते? आणि चूक होऊ शकते काय?

मी ठीक आहे. दोन वेळा जेवून राहिली. तुझ्या आईला सांग, ताई काळजी करत असेल.

तुझी,
शरयूमावशी

---

हैदराबाद
२० सप्टेंबर २०२४

ती. शरयूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. शाळेत असताना मी तुला नागपूरहून पत्र लिहायचे, आणि तू लाल पेनाने शुद्धलेखन तपासून ते परत पाठवायचीस. याही पत्रात चुका असतील. तपासून पाठव, मला बरं वाटेल.

तू विचारलंस ते सांगते. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली एक फार लांब ओळ आहे असं समज. तिच्यात काही जागा अशा असतात की तिथे तोच छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कोणाच्यात नऊ वेळा, कोणाच्यात चौदा वेळा. प्रत्येक माणसाकडे अशा प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. प्रयोगशाळेत हाडाची पूड करतात, त्यातला चुना काढून टाकतात आणि उरलेल्यातून डीएनए वेगळा करतात. पाण्यात राहिलेल्या हाडात तो तुटलेला, थोडासाच असतो. म्हणून त्या जागांच्या कोट्यवधी प्रती यंत्रात तयार करून घेतात, मग आकडे वाचता येतात. शेवटी ते तुझ्या आकड्यांशेजारी ठेवतात. मुलाच्या दोन आकड्यांपैकी एक आईकडे सापडलाच पाहिजे. सगळ्या जागी सापडला तर तो तिचा मुलगा. बऱ्याच जागी सापडला नाही, तर नाही.

चूक क्वचित होते. नमुना नीट घेतला असेल तर जवळजवळ होतच नाही. मी त्या प्रयोगशाळेत नाही, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या जनुकांवर माझं काम चालतं. पण पद्धत तीच.

मी येऊ का? रजा आहे. रक्त द्यायला जाशील तेव्हा तुझ्याजवळ कोणीतरी असावं.

तुझीच,
सुमेधा

---

मदन महल, जबलपूर
३ ऑक्टोबर २०२४

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रात दोनच चुका निघाल्या. सोबत लाल केलेलं पान पाठवते आहे.

तू येऊ नको. रक्त देऊन झालं. दीपा मॅडमनी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीने बोटाला सुई टोचली आणि एका जाड कागदावर थेंब पाडले. ते गोल गोल सुकत होते आणि मी बघत होते. त्याआधी तिने रजिस्टर उघडून विचारलं, आप माँ हैं ना? मी मान हलवली. तिने लिहून घेतलं.

मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. परत येताना ऑटोवाल्याने विचारलं, चलें, सीधे घर? मी हो म्हटलं, आणि घर आलं तरी उतरायचं लक्षात आलं नाही. असंच होऊन राहिलं सध्या. भात लावते आणि कुकरच्या शिट्या ऐकू येत नाहीत. वेदांगच्या खोलीत झाडू मारते. त्याच्या फळ्यावर कोण्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, ते पुसत नाही. पुसायचं नाही असं काही ठरवलं नाही. हात जात नाही, इतकंच.

गीतांजली म्हणते, मनावर घेऊ नका. मी कुठे घेऊन राहिली? मनावर काही येतच नाही.

तुझी,
शरयूमावशी

---

मदन महल, जबलपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रिपोर्ट आला. जुळत नाही. त्या देहाची मी जन्मदात्री नाही असं लिहिलं आहे.

गल्लीत सगळ्यांना कळलं. गीतांजलीने दारात पेढे आणले. कोचिंगची मुलं येऊन पाया पडून गेली, सर जिंदा हैं आंटी, म्हणाली. मी चहा केला. कोणीतरी कप विसळले. दीपा मॅडम म्हणाल्या की तपास चालू राहील आणि तो नरसिंगपूरचा देह बेवारस धरला जाईल.

ताईला फोनवर तूच सांग. मला ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचं नाही.

तुझी,
शरयूमावशी

---

हैदराबाद
६ डिसेंबर २०२४

ती. शरयूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी फार दिवस लावले.

आईला तुझा रिपोर्ट फोनवर सांगितला. मला वाटलं ती आनंदाने ओरडेल. फोन कट झाला वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, अगं सुमे, शरूचं रक्त कसं जुळेल? आणि मग तिने सगळं सांगितलं. काकांची बदली नागपूरला होती, तेव्हा तुम्ही तिथल्या अनाथालयातून वेदांगला आणलं. जबलपूरला परत आलात तेव्हा तो रांगत होता, म्हणून कोणी काही विचारलं नाही. घरात फक्त आईला माहीत होतं, आणि तिने तुला शब्द दिला होता. मावशी, तिच्यावर रागावू नकोस. ती इतकं रडली की पुढचं मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

आमच्या कामात हे अधूनमधून निघतं. मुलाच्या बहिरेपणाचं कारण शोधायला घरातल्या सगळ्यांचे नमुने घेतो आणि आकडे सांगतात की हे वडील ते वडील नाहीत. आम्ही ते कोणाला सांगत नाही, तसा नियमच आहे. तुला मात्र सांगावं लागतं आहे, कारण तुला ते आधीपासून माहीत आहे.

तो रिपोर्ट वेदांगबद्दल काहीच सांगत नाही. तो देह कोणाचाही असता तरी तुझ्या रक्ताशी जुळला नसता. वेदांग असता तरीही, नसता तरीही.

खात्री करायला आई-वडिलांची गरजच नाही. त्याची स्वतःची वापरलेली वस्तू पुरते. दात घासायचा ब्रश, दाढीचं यंत्र, कंगव्यात अडकलेले मुळासकटचे केस. त्यातून त्याचे स्वतःचे आकडे मिळतात आणि ते हाडाच्या आकड्यांशी थेट लावून पाहता येतात.

तू काय करावंस हे मी सांगत नाही. काहीच केलं नाहीस तरी मी तुला आजच्यासारखीच पत्रं लिहीन. मी कोणाला बोललेले नाही, बोलणारही नाही. फक्त तू हे एकटीने धरून बसू नयेस, एवढंच वाटतं.

तुझीच,
सुमेधा

---

मदन महल, जबलपूर
२ जानेवारी २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईला म्हण, मी रागावली नाही. रागवायला काहीतरी आतून यावं लागते.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असेल की मी रक्त काहून दिलं. मी तुला आधीच पत्र लिहून विचारलं होतं आईच्या रक्तावरून काय कळते, म्हणजे मला समजत होतं. तुझं उत्तर वाचल्यावर तर पक्कंच समजलं. मी दोन्ही गोष्टी सांगते. एक म्हणजे जुळणार नाही हे मला माहीत होतं, आणि जुळलं नाही की कोणी मला येऊन सांगणार नाही की तो गेला. हे खरं आहे. दुसरं असं की त्या मुलीने रजिस्टर उघडून आप माँ हैं ना विचारलं, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. चौतीस वर्षं मला कोणी हे विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, तेही त्या खोलीत.

वेदांगला माहीत होतं. बारावीत असताना मी आणि तुझ्या काकांनी त्याला समोर बसवून सांगितलं. काका इतके घाबरले होते की आदल्या दिवशी जेवले नाहीत. वेदांगने ऐकून घेतलं, अच्छा म्हणाला, आणि भाजी कशाची आहे ते विचारलं. पडवळाची होती. त्याने तोंड वाकडं केलं. पुन्हा कधी विषय काढला नाही, आम्हीही नाही. तो त्यामुळे गेला असं मला वाटत नाही. कशामुळे गेला ते मला माहीत नाही. गेल्या वर्षभरात तो कमी बोलत होता, झोपत नव्हता. मी दुधात हळद घालून देत होती. मला तेवढंच सुचलं.

रिपोर्ट आल्यावर लोक येऊन हसून जात. मी त्यांना चहा देत होती आणि मला दिसत होतं की तिकडे काठावर कोणीतरी पुरलेला आहे आणि त्याला सगळे बेवारस म्हणून राहिले. तो वेदांग असेल तर बेवारस कसा? मी आहे ना इथे. आणि नसेल तर त्याचं कोणीतरी दुसरीकडे असंच बसलं असेल.

परवा मी ठाण्यात गेले. दीपा मॅडमना म्हटलं, मॅडम, वो मेरे पेट का बेटा नहीं है. त्यांना ऐकू गेलं नाही, बाहेर ट्रक वाजत होता. मला पुन्हा म्हणावं लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, दार लोटलं आणि मला पाणी दिलं. आधी का नाही बोललात, असं विचारतील वाटलं. नाही विचारलं. म्हणाल्या, आंटीजी, उनका कुछ सामान है?

वेदांग झोपेत दात खायचा. दातांच्या डॉक्टरांनी त्याला रात्री घालायला प्लास्टिकचा साचा करून दिला होता. तो त्याच्या डबीत होता. तो, ब्रश आणि दाढीचं यंत्र, तिन्ही दिलं. त्यांनी हातमोजे घालून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत भरलं आणि माझी सही घेतली. रिकामी डबी मला परत देऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, ठेवा.

घरी आले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

तुझी,
शरयूमावशी

---

हैदराबाद
११ जानेवारी २०२५

ती. शरयूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. साच्यातून चांगला नमुना मिळेल, एवढं मला माहीत आहे.

आई नागपूरहून तुझ्याकडे यायला निघते आहे. या वेळी नको म्हणू नकोस, तिने तिकीट काढलं आहे. ती पडवळ आणणार नाही याची मी हमी घेते.

तुझीच,
सुमेधा

---

मदन महल, जबलपूर
१६ मार्च २०२५

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईने तुला फोनवर सांगितलंच आहे, पण तू मला सगळं लिहून समजावलंस, म्हणून मीही लिहिते. साच्यावरचे आकडे आणि हाडाचे आकडे एकच निघाले. प्रत्येक जागी, दोन्हीच्या दोन्ही. दीपा मॅडमनी कागद टेबलावर फिरवून माझ्याकडे केला आणि बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. मी शेवटपर्यंत वाचलं. ताई शेजारी रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, जसं काही गेलं ते तिचं होतं.

नरसिंगपूरला गेलो. मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन त्यांनी जमीन उकरली. मला लांब उभं केलं होतं. तिथेच अग्नी दिला. सगळे म्हणत होते, राख इथेच नर्मदामैयात सोडा, समोरच तर आहे. मी म्हटलं, नाही. तिच्यात नाही. कोणी वाद घातला नाही.

मग आम्ही राख घेऊन रामटेकला गेलो, अंबाळा तलावावर. त्याला अनाथालयातून आणलं त्याच आठवड्यात नागपूरहून रामटेकला दर्शनाला गेलो होतो, आणि तिथे तो पहिल्यांदा माझ्या खांद्यावर झोपला होता. तलावाचं पाणी हिरवं होतं आणि फार गार. पायऱ्यांवर एक म्हातारे गुरुजी आणखी दोन घरांचं काम एकदमच करून राहिले होते. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. गोत्र मी काकांचं सांगितलं. मुलगा किंवा भाऊ कोणी नाही का, म्हणाले. ताईने नाही म्हणून सांगितलं. मग मान वर न करताच त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या?

मी म्हटलं, आई.

त्यांनी माझ्या बोटात दर्भ घातला आणि पुढचा मंत्र सुरू केला.

तुझ्या कामात यश येवो. ज्या लेकरांना ऐकू येत नाही, त्यांच्या आयांशी हळू बोलत जा. अशीच लिहीत राहा, आणि मावशीला अंतर देऊ नको.

तुझी,
शरयूमावशी