बिनदुधाची कॉफी

नाही बाबा, कडू ते कडूच. इमानाचं नाव देऊन ते गोड होत नाही. तेव्हाही मी हेच म्हणत होतो, अन् तुम्ही मान खाली घालून तवा हलवत होते.

बी.ए.च्या सुट्टीत मी तुमच्या मोजणीच्या तंबूवर आलतो. ढाणकीच्या पुढं, पळसाच्या रानात. दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून वाद, अन् तुम्ही सरकारी साखळी घेऊन तो धुरा कुठं पडतो ते मोजणारे. सकाळी तीन दगडांची चूल पेटते. तुमच्या जुन्या मद्रासी साहेबानं लावलेली कॉफीची सवय तुमची. हिरव्या बिया तव्यावर धूर निघेस्तोवर भाजता, पितळी खलबत्त्यात कुटता, उकळत्या पाण्यात सोडता, वरून थंड पाण्याचा हबका मारता. गाळ आपसूक खाली बसतो. घरून आणलेला गूळ, बस. दुधाचा थेंब नाही. नागपूरले फेसाळ कॉफी पिऊन कविता लिहिणाऱ्या मले हे सगळं सोंग वाटे.

"चहा काहून नाही करत?" मी एकदा विचारलं.

"चहा म्हटला का दूध आलं. दूध म्हटलं का कोनाची तरी गाय आली. गाय आली का तिच्यामांगं तिचा मालक आला. मंग मी साखळी कोनाकडून वढू, सांग?"

तिसऱ्या दिवशी तुम्ही हद्दीचे दगड पाहून परत आले, तर माझ्या कपात दुधाची कॉफी. चुलीपाशी लोटा. अन् बाजूले तांड्यावरचा म्हातारा उकिडवा बसलेला, वादातल्या दोघांपैकी एक, ज्याचं वावर त्याच धुऱ्याले लागून होतं.

"हे कोनाचं?"

म्हातारा उठला. "आमच्याच गाईचं, साहेब. लेकरू हाय, पिऊ द्या."

"लेकरू? मिशा फुटल्या त्याले! मोजनी चालू हाय अन् तुमी लोटा घेऊन येता? लाज नाही वाटत?"

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी कपात पाहत होतो.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला, अन् लोटा उचलून गेला.

तुम्ही त्याच दुपारी साखळी गुंडाळली. दुसरा मोजणीदार पाठवा म्हणून उमरखेडच्या हापिसले लिहिलं. तो आला पेरण्या होऊन गेल्यावर. धुऱ्याजवळची वादाची पट्टी त्या साली पडीक राहिली, म्हाताऱ्याची तूर पेरायची राहिली, अन् मोजणीदाराले दूध पाजणारा म्हणून बाजारात लोक त्याले टोमणे मारत. हे मले तुम्हीच सांगितलं होतं, जरा समाधानानं.

आज त्याच पळसाखाली बसून लिहून राह्यलो. तुम्हाले जाऊनही लय वर्षं झाली. तुमच्याच तव्यावर बिया भाजल्या, जरा करपल्या. हबका मारला. गाळ बसला. दूध नाही घेतलं.

बाबा, तो लोटा म्हाताऱ्यानं आपल्या मनानं नव्हता आणला. सकाळी मी तांड्यावर गेलतो. "बाबाले पाहिजे," असं म्हटलं मी. तुमच्या नावानं मांगतलं, अन् तुमच्यासमोर त्यानं माझं नाव सांगितलं नाही.

हा कागद खिशातच राहील. तांड्यावरचा धूर इथून दिसते. म्हातारा आहे का नाही, मले माहीत नाही, पण त्याच्या घरचं कोणी तरी असंल. चुलीवर पाणी ओतलं. तुम्ही काही बोलायच्या आत मी तांड्याकडं निघालो.