घर कोणाला, हे मी एकेकाला विचारलं

मी, आर्लिस मरीन टॉर्केल्सन, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार चर्च रस्ता, नॉर्डाल, आयोवा, कै. व्हर्लिन टॉर्केल्सन यांची पत्नी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, आपल्या मनाने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि शेजारच्या मर्ल हॉफस्टॅडला मी अजून वादात हरवते, हा दुसरा दाखला. हृदय मात्र थकलं आहे. पुढच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम पहिले. माझ्यामागे माणसं दोन. एक मुलगा डेल, राहणार डे मॉइन. दुसरी जोलीन, जी एकेकाळी त्याची बायको होती. घटस्फोटानंतर डेल शहरात गेला आणि जोलीन माझ्या घरी वरच्या खोलीत राहायला आली, ती कायमचीच. "सुनेने नवरा सोडला, पण सासू नाही सोडली," असं गाव म्हणतं, आणि ते खरं आहे. या कागदात खरा प्रश्न एकच आहे, की राहतं घर डेलला द्यायचं की जोलीनला. डेलला दिलं तर जोलीनला उतारवयात दुसरीकडे बिऱ्हाड थाटावं लागेल. त्याचा निकाल शेवटी देते. आधी बारीकसारीक आवरून घेते.

कलम दुसरे. व्हर्लिनची सुतारकामाची सगळी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाशा, करवती आणि त्यांची पेटी, डेलला द्यावीत. बापाची पटाशी घेऊन त्याने रंगाचे डबे उघडू नयेत. एकदा उघडला होता, तेव्हा व्हर्लिन दोन दिवस जेवताना त्याच्याशी बोलला नव्हता.

कलम तिसरे. बँकेत जे काही शिल्लक राहील ते डेल आणि जोलीन यांनी निम्मे निम्मे घ्यावे. कॉफीचं मोठं भांडं चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला द्यावं. अट एवढीच, की त्यात केलेल्या कॉफीतून कपाचा तळ दिसता कामा नये.

कलम चौथे. बर्फ उडवायचं माझं यंत्र मर्ल हॉफस्टॅडने उसनं नेलं, त्याला बरेच हिवाळे झाले. ते आता त्याचंच समजावं. यंत्राबद्दल माझा राग नाही. माझा राग आहे तो कॉकसबद्दल, आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम पाचवे. हे कलम कायद्याला लागत नसेल तर वकिलांनी गाळावं, पण मला ते लिहायचं आहे. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचा, तर आमच्या पक्षात चिठ्ठी टाकून मत देत नाहीत, कॉकस भरवतात. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं. ज्याचा गट फार लहान, त्याने दुसऱ्या गटात जावं नाहीतर घरी जावं, आणि तेवढ्या वेळात बाकीचे त्याला आपल्याकडे ओढतात. व्हर्लिन होता तेव्हाच्या एका हिवाळ्यात शर्यत होती एक गव्हर्नरबाई आणि एक सिनेटर यांच्यात. सगळा हेमंत आमच्या स्वयंपाकघरांतून बाईंचंच नाव होतं. त्या मर्लच्या गोठ्यात येऊन गेल्या होत्या, आणि गाईला हात लावायला भ्याल्या नव्हत्या. पण कॉकसच्या संध्याकाळी अख्खं गाव चालत गेलं ते सिनेटरच्या कोपऱ्यात. सभेची अध्यक्ष मी. मीही तिथेच. बाईंच्या पाटीखाली टोपी हातात धरून एकटा व्हर्लिन उभा.

मर्ल ओरडला, "व्हर्लिन, तुझा गट टिकत नाही रे! ये इकडे. पक्षाचं बघ जरा!"

"पक्षाचंच बघतोय," व्हर्लिन म्हणाला. "पक्षातली सगळ्यात चांगली तीच आहे."

"अरे, चांगली असून काय चाटायचंय? नोव्हेंबरात निवडून यायला नको? लोक नाही देणार तिला मतं."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक! तुला काय नावं सांगू?"

"सांग की. एक तरी सांग."

मर्लने आपल्या गटाकडे वळून पाहिलं. व्हर्लिनने टोपी घातली. "मग मी घरी जातो. तिकडे काही येत नाही," म्हणाला आणि बर्फातून चालत गेला. मला त्याचा राग आला होता, आणि नवलही वाटलं होतं. म्हणून कॉफी ओतताना मी एकेकाला हळूच विचारत गेले, "खरं सांग, तुझ्या मनात कोण होतं?" मर्ल कपात बघत म्हणाला, "बाई. पण तुम्हा लोकांना चालली नसती." पोस्टातली ग्लॅडिस ओमुंडसन म्हणाली, "बाई! पण या पुरुषांना कोण समजावणार?" एकामागून एक सगळे तेच. मी कपाळाला हात लावला. प्रत्येकाने आपलं मत शेजाऱ्याच्या मताला देऊन टाकलं होतं, आणि शेजाऱ्याला विचारलं कुणीच नव्हतं. पुढे नोव्हेंबरात सिनेटर पडला. मर्ल अजून म्हणतो, बाई असती तर याहून वाईट पडली असती. हे मी त्याला माफ करीत नाही, कारण ते खोटं ठरवायची काही सोयच नाही.

कलम सहावे, घराचे. ते कॉकस मी विसरले नव्हते, म्हणून घराबद्दलही या वेळी एकेकाला गाठून विचारलं. आमचे पास्टर ब्रँट म्हणाले, "डेलला द्या, आर्लिसबाई. पोटचा मुलगा आहे. जोलीनला दिलंत तर लोक बोलतील."

"लोकांचं राहू द्या. तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या?" त्यांनी चष्मा पुसला. "जोलीन. पण मी म्हणजे काही लोक नव्हे."

ग्लॅडिस म्हणाली, "जोलीनच, आणखी कोण? पण मर्लला नाही पटायचं." मर्ल म्हणाला, "जोलीन. पण ती ग्लॅडिस गावभर करील." मला हसू आवरेना. मग जोलीनला विचारलं. ती लेफ्सेच्या, म्हणजे आमच्या नॉर्वेजियन बटाट्याच्या, पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "हवंय, आई," ती म्हणाली. "मागायची लाज वाटत होती." मी वकिलांना जोलीनचं नाव घालायला सांगितलं.

राहिला डेल. त्याला विचारायचं मला सुचलंच नव्हतं, कारण तो घर विकणार हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या रविवारी उगीच आपलं म्हणून फोन केला.

"डेल, घर तुला हवंय का रे?"

"हवंय."

"विकलंस तर सध्या भाव बरा येईल म्हणतात."

"विकलं तर? आई, नोकरी संपली की मी तिथे राहायला येणार आहे. विकणार हे तुला कुणी सांगितलं?"

मी आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू जोलीनला देणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं."

फोन ठेवला. जीव हळहळला. वकील म्हणाले, निम्मं निम्मं करा, म्हणजे कुणी नाराज नाही. पण मग राहणारही कुणी नाही. ती दोघं एका छताखाली एक आठवडा काढायची नाहीत. म्हणून ठरवून लिहिते: राहतं घर, गॅरेज आणि मागचं आवार जोलीनला द्यावं. लोकांना पटेल म्हणून नव्हे, ती ते नीट सांभाळील म्हणूनही नव्हे. मला ते तिला द्यायचं आहे म्हणून.

डेल, तू तोंडाने मागितलंस आणि मी नाही म्हणते आहे. हे तुला मी गेल्यावर वकिलाच्या तोंडून कळू नये. तू आज दुपारी जेवायला येतो आहेस, आणि जोलीनला मी ग्लॅडिसकडे पाठवणार आहे. समोर बसून मीच सांगेन. ओरडलास तर ऐकून घेईन. ऐकून तुला काय वाटेल, याचा अंदाज मी या वेळी केलेला नाही.

हा कागद मला मोठ्याने वाचून दाखवला आणि तो माझाच आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) आर्लिस मरीन टॉर्केल्सन

आर्लिसबाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही दोघांनी केली. या कागदातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

(सही) फिलिप ब्रँट, पास्टर
(सही) ग्लॅडिस ओमुंडसन

स्थळ: स्वयंपाकघराचं टेबल, चर्च रस्ता, नॉर्डाल, आयोवा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१५, सकाळी