व्याह्यांसाठी नॉर्वेच्या थंडीची रंगीत तालीम

निरवांगी, ता. १७ नोव्हेंबर १९९६

सन्माननीय व्याही सावळारामराव यांस निरवांगीहून बाजीरावचा सप्रेम जय भीम. इकडं आम्ही खुशाल आहोत. लोणी भापकरात तुमचा गुडघा आणि तुमची म्हैस दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो.

जावई समाधानरावांनी आमच्या करुणाच्या पहिल्या बाळंतपणासाठी नॉर्वेला दोन माणसं बोलावली आणि तुम्ही उभयता निघालात, हे ऐकून मला तर झोपच येईना! अख्ख्या गावात सांगून आलो, लेक बर्फात, जावई बर्फात, आता व्याहीसुद्धा बर्फात. (पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, एवढं आमची रंगुबाई एकदाच म्हणाली आणि मग दोन दिवस बोलली नाही. पण आनंद तिलाही आहे.) पासपोर्ट जावयांनी आपल्या चौघांचेही काढवून ठेवलेत, तिकिटं मात्र दोनच. येत्या रविवारी त्यांचा फोन आला की तुम्ही नावं पक्की सांगणार. तोवर तिकडच्या थंडीची माहिती तुमच्या कानावर घालणं हे माझं कर्तव्य आहे.

माहिती ऐकीव नाही. लोणी देवकरला मी कोल्ड स्टोरेजवर मुकादम, हे तुम्ही जाणताच. तिथं द्राक्षाची खोली शून्यावर असते आणि आंब्याच्या रसाची उणे अठरावर. नॉर्वेत जानेवारीत तसंच असतं म्हणे, फक्त दार उघडून बाहेर पळायची सोय नाही. म्हणून मालकांची परवानगी काढून मी रसाच्या खोलीत रंगीत तालीमच घेतली! तुमच्यासारखं धोतर, तुमच्यासारखी टोपी, वर एक जुना स्वेटर. आत गेल्याबरोबर नाकातले केस ताठ झाले. (हसू नका, तुमचे माझ्याहून दाट आहेत.) मग मिशी गेली. चष्म्याची लोखंडी काडी कानाला अशी चिकटली की दोघांना वेगळं करायला कोमट पाणी लागलं. धोतराचं तर विचारूच नका. ओलं धोतर थंडीत काय करतं ते पाहावं म्हणून एक भिजवून टांगलं, आणि नंतर काढलं तर ते भिंतीला टेकून आपलं आपण उभं राहिलं! तेव्हा पँट शिवा, आत लोकरीचा लेंगा घाला, मोज्यांचे दोन जोड चढवा आणि बूट एक नंबर मोठा घ्या, घट्ट बुटात बोटं लवकर गारठतात. खोबरेल नेऊ नका, बाटलीतून निघणार नाही. बर्फावरून चिखलातल्यासारखं चालायचं, पावलं लहान आणि हात खिशाबाहेर. शिवाय दुपारी तीनला अंधार पडतो. आणि तुमची तंबाखू! दर पिचकारीला एवढे कपडे चढवून बाहेर जायचं, म्हणजे विचार करा.

मी दात वाजवत बाहेर पळालो. रंगुबाई माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिलाही गंमत म्हणून आत नेलं होतं. ती काही बाहेर येईना. दार उघडून बघतो तर पदर कानावरून घट्ट घेऊन बाई रसाचे खोके सरळ रचतेय! मी ओरडलो, "अगं, भाईर ये की, मरशील!" तर म्हणते, "पुसाच्या थंडीत रातभर उसाला पानी धरलंय म्या. हितं निदान पाय तरी कोरडं हायती." (दोन दिवसांनी तोंड उघडलं ते हे सांगायला.)

असो. विहीणबाईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा, थंडीचा पहिला घाव तिथंच बसतो.

तुमचा हितचिंतक,
बाजीराव

ता. क. माणसानं प्रकृतीचा विचार करावा. तुम्ही इथं राहिलात तर एक तिकीट मोकळं होतं, आणि विहीणबाईंना सोबत तर लागेलच. सहज सुचलं म्हणून लिहिलं.

पुन्हा ता. क. पत्र रंगुबाईला वाचून दाखवलं. ती माझ्यावरच उखडली. "व्याह्यास्नी भ्या कशाला घालताय? सरळ इचारा. न्हाय म्हनले तर न्हाय." म्हणून सरळ विचारतो, तुमच्या जागी तिला जाऊ द्याल का? तुमच्याबरोबर द्यायला तिनं डिंकाचे लाडू वळून ठेवलेत. मघाशी डब्याला फडकं बांधताना म्हणाली, "पोरीला निरोप सांगा म्हनावं, कळा आल्या की आई म्हनून वरड. मला ऐकू येनार न्हाय, पर वरड."

सावळारामराव, तुम्ही इकडं राहायला या, पिठलं मी करीन. पण रविवारी फोनवर तिचं नाव सांगा.