इटलीच्या बिस्किटांचा साचा

आसनगाव. पौष, सोमवार, १९५८

भांडं घासून दिलं तरी दोष माझाच! सून कमळी कसाऱ्याला एका इटलीच्या इंजिनेराच्या घरी स्वैपाक करते. तिथल्या बाईने आपला लांब दांड्यांचा, चिमट्यासारखा मिटणारा लोखंडी साचा दिलाय, उद्याच्या पाहुण्यांसाठी फुलाच्या नक्षीची पातळ बिस्किटं घरून करून आण म्हणून. साचा काळाकुट्ट. तसा कोण वापरील? मी राखेने नि नारळाच्या शेंडीने घासून लख्ख केला.

संध्याकाळी पीठ घातलं ते चिकटूनच बसलं. कमळी रडकुंडीला आली. "आत्या, तो काळा रंग वर्षानुवर्षांच्या तुपाचा होता गो, त्यानेच पीठ सुटायचं! बाईंच्या आईचा साचा तो. आता माझं काम गेलं."

मला काय ठाऊक? मग नव्या तव्याला करतो तसं तेल चोपडून चुलीवर तापवला. चार बिस्किटं कोंबड्यांनी खाल्ली. पाचवं सुटलं, फूलही नीट उठलं. चव? पापडाला साखर लावावी तशी. साचा मात्र अजून लख्खच. एका रात्रीत काळा कसा करू?

उद्या कमळीबरोबर मी जाणार. बाईने साच्याचं विचारलं तर मीच सांगीन. कमळीने तोंड उघडायचं नाय.