तांबडीचं अंडं

भिवपुरी, ता. ३ डिसेंबर १९४४

ती. आक्काच्या पायांशी धाकट्या हिरामणचा नमस्कार, वि. वि.

तुझ्या भावजयीचा, विमलचा विषमज्वर अठ्ठावीस दिवसांनी उतरला, पण अंगात काही उरलं नाही. डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली आहेत. तुझ्याकडे ठेवलेल्या तिच्या सहा तलंगांची असतील तरच ती खाते, कारण त्या तिने पिल्लापासून वाढवल्या. काल म्हणाली, माझ्या कोंबड्यांची अंडी थांबली की माझंही आटोपलं समजा. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

तुमच्या गावचे शकूरभाई सुकी मासळी घेऊन आमच्या वीजघराच्या वसाहतीत येतात, त्यांच्या हाती पाठवत जा.

तुझा, हिरामण

कडाव, ता. १६ डिसेंबर

चि. हिरामण यास आक्काचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र विमलला वाचून दाखवू नकोस.

तलंगा बंद पडल्यात. दिवसाला पाच अंडी होती, त्यांची तीन झाली, आता आठ दिवस एकही नाही. मी काही कमी केलं नाही रे बाबा. थंडी लागू नये म्हणून खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट लावलं. ऊन चांगलं वर आल्याशिवाय एकीलाही बाहेर सोडत नाही. तरी मेल्या नुसत्या खातात.

आठ दिवस तुम्हाला पोचतायत ती अंडी शकूरभाईंच्या खतीजाची. तिचं खुराडं कुडाचं, वारा आरपार, आणि तरी तिच्या कोंबड्या देतात. माझं नशीब, दुसरं काय. कोणाला कळू देणार नाही म्हणालीय. पाप माझ्या माथी.

आशीर्वाद आहेतच. आक्का

भिवपुरी, ता. १९ डिसेंबर

ती. आक्कास नमस्कार, वि. वि.

तू फार जपलंस म्हणूनच त्या बंद पडल्या. साहेबांच्या बंगल्यावरचा माळी नागू खुराड्यात पहाटे विजेचा दिवा लावतो. कोंबडीला उबेपेक्षा उजेड लागतो म्हणतो. आणि तू त्यांना नऊ वाजेपर्यंत काळोखात कोंडतेस! खतीजाभाभींच्या कुडातून फटफटताच उजेड आत जातो. पूर्वेचं गोणपाट काढ, उजाडताच सोड. कोमट कण्यांत सुकटीचा चुरा घाल. माझा कंदील इथे पडूनच आहे, तो पाठवतो. दिवस उगवण्याआधी तासभर लाव.

इकडे मी अंडं पुढे करून सांगतो, हे तुझ्या तांबडीचं. ती मान हलवते नि खाते. परवा भिंतीला धरून उभी राहिली. बायकोशी खोटं बोलताना घशाला कोरड पडते माझ्या.

हिरामण

कडाव, ता. ९ जानेवारी १९४५

चि. हिरामणला आक्काचा आशीर्वाद.

आज तांबडीने अंडं दिलं. मी ते कपाळाला लावलं. शेजारीण बघत होती, बघू दे. टोपलीत तळाशी ठेवलंय, वर खतीजाची तीन. आता तुझ्या घशाला आराम.

आक्का

भिवपुरी, ता. ११ जानेवारी

ती. वन्संच्या पायांवर डोकं ठेवून विमल कळवते. अक्षर यांचं, शब्द माझे. सांगेन तसंच लिहायचं अशी शपथ घातलीय.

तळाचं अंडं तांबडीचं. तिचं निमुळतं नि बदामी असतं. महिनाभर आली ती सगळी पांढरी नि गोल, खतीजाभाभींकडची. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. अंडं पुढे करून हे तांबडीचं म्हणाले, तेव्हा यांचे कान लाल झाले होते. माझ्या कोंबड्या थांबल्या, आता काही खायचं नाही असं मी ठरवलंच होतं. मग मनात आलं, तुम्ही तिकडे, हे इकडे, खतीजाभाभी मधे, तिघं माझ्यापायी खोटं बोलताय. मला मरायची लाज वाटली. म्हणून खाल्लं.

तांबडीचं अंडं शकूरभाईंबरोबर परत पाठवतेय. ते खतीजाभाभींना द्या. महिनाअखेर मी स्वतः येईन, मग पहाटेचा कंदील मी लावीन.

माया अशीच असू द्यावी, खोटं मात्र आता पुरे.

तुमची, विमल