मागांच्या खडखडाटातलं वाचन

२ मे
सुट्टी लागली. भूमीसाठी आणलेली पुस्तकं टीव्हीखालच्या फळीवर तशीच. मागच्या वर्षी ही पोर जेवतानाही पुस्तक सोडत नव्हती. आज कारण विचारलं तर म्हणाली, "तू नंतर विचारतेस." खरं आहे. कोण आवडलं, का आवडलं. मोठ्यानं वाचायला लावते, अडखळली की लगेच सुधारते. कॉलेजात शिकवायची सवय म्हणावी, तर घरात कशाला? तिनं वाचावं असं मला वाटतं, की माझी मुलगी वाचते असं सांगता यावं?

४ मे
भू.ला कबनूरला ताईकडे सोडलं. घरामागंच त्यांचे यंत्रमाग. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. घरून निघताना तिनं बॅगेत स्वतःहून एक पुस्तक टाकलं, मगरीचं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

९ मे
ताईचा फोन. भू. रोज शेडमध्ये तिला वाचून दाखवते. मोठ्यानं. त्या आवाजात? ताई हसली. मागावरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, लग्नानंतर तीही शिकली. दाजींशी भांडतेही तशीच. मी विचारलं, अडखळते का गं? हे विचारायला नको होतं.
"बाईसाहेब, हितं तुला ऐकू येत न्हाय म्हणून तर वाचतीया ती."
दिवसभर तेच वाक्य.

१२ मे
न सांगता कबनूरला गेले. हे बरोबर नव्हतं.
शेडच्या दारात थांबले. भू. सुताच्या पोत्यावर उभी, एका हातात पुस्तक, दुसरा हवेत. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. ताई मागावरची सुताची कांडी बदलायची, मान वर करून तिच्या ओठांकडे बघायची, हसायची, परत मागाकडे वळायची. एकदा हातानंच विचारलं, पुढं? भू.नं पान उलटलं.
माझीच मुलगी, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. जागचं हलवेना. असं मला कधी देवळातसुद्धा...
तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले आणि शेडभर तिचा एकटीचा आवाज उरला.
"माझ्या डोहात कोण उतरलंय?"
जाड, घोगरा. मगरीचा. हा आवाज तिच्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला, लिहितानाही येतोय.
तिनं मला पाहिलं. पुस्तक मिटलं.
'छान' ओठांवर आलं होतं, गिळलं. छान म्हणजेही मार्कच.
ताई म्हणाली, "पोरगी मगर झालीया, आणि तू दारात इन्स्पेक्टरासारखी उभारलीयास व्हय?"

१५ मे
भू. घरी आली. मगरीबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. दुपारी पलंगावर बसलेली, मांडीवर पुस्तक, मिटलेलं. मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "इथं सगळं ऐकू येतं."
मिक्सर लावून ठेवावा असं मनात आलं. स्वतःचंच हसू आलं, पूर्ण नाही.
शेवटी म्हटलं, मी गच्चीवर जातेय, वेळ लागेल. खोलीचं दार ओढून घेतलं.
टाकीच्या सावलीत बसून हे लिहितेय. फरशी तापलेली. खाली मगरीचा डोह भरला असेल, नसेल. मघाशी ऐकायला म्हणून जिन्यापर्यंत गेले होते. पहिल्या पायरीवरून परत फिरले.